रक्तातले राखणदार आणि फुफ्फुसातली बुरशी

पावसाळा सरला की माळ्यावरची जुनी पेटी खाली घ्यावी, मोडी कागदांचे रुमाल सोडून उन्हात घालावेत, असा प्रघात इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगावकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतून होता. काही घरी तो अद्यापि पाळला जातो. पेटीचे झाकण उघडताच जो कुबट दर्प नाकात शिरतो, त्याच्यासमवेत आणखीही काही आत जाते. ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या कागदावर, कणगीतल्या धान्यावर, कडब्याच्या गंजीत, ओल धरलेल्या भिंतीवर वाढणाऱ्या बुरशीचे ते बीजाणू होत. त्यांपैकी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू अवघा दोन ते तीन मायक्रॉन व्यासाचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील श्लेष्मा यांना चुकवून हा बीजाणू थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो. सर्वसाधारण माणूस दररोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे आत घेतो, असे तज्ज्ञ मानतात.

शत्रू जर प्रत्येक श्वासात आहे, तर आपण सारेच अंथरुणाला का खिळत नाही, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर बुरशीत नसून आपल्या रक्तात आहे, आणि ते हाती यायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. या उत्तराचा शोध कसकसा लागत गेला, त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी त्याचा इतिहास सामान्य वाचकाने समजून घेण्याजोगा आहे. २०२१ साली आपल्या देशात जे घडले, त्यानंतर तर तो समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

आरंभ करावा लागतो तो इटलीतील फ्लॉरेन्स नगरापासून. १७२९ साली तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनियो मिकेली यांनी या बुरशीला 'अ‍ॅस्परजिलस' हे नाव दिले. मिकेली हे धर्मोपदेशकही होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना एका देठाच्या टोकाशी फुललेला बीजाणूंचा झुबका दिसला, तेव्हा त्यांना चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या उपकरणाची आठवण झाली. त्या उपकरणाला लॅटिन भाषेत जे नाव आहे त्यावरूनच हे नाव आले. गोव्यातील आमच्या वाचकांनी ते उपकरण पाहिले असेल. तीर्थ शिंपडण्याच्या त्या साधनावरून ओळखली जाणारी बुरशी पुढे माणसाचे प्राण घेणारी म्हणून प्रसिद्धीस यावी, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल.

माणसाच्या फुफ्फुसात बुरशी वाढते, हे वैद्यांच्या ध्यानी आले ते शंभरएक वर्षांनी. १८४२ साली एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी एका रुग्णाच्या फुफ्फुसातील बुरशीचे वर्णन केले. १८५६ साली बर्लिनच्या रूडॉल्फ फिरशो यांनी मृत व्यक्तींच्या फुफ्फुसांत आढळलेल्या बुरशीची तपशीलवार नोंद केली. १८६३ साली फ्रँकफुर्टच्या फ्रेझेनियस यांनी एका माळढोक जातीच्या पक्ष्याच्या श्वसनमार्गातून ही बुरशी मिळवून 'फ्युमिगेटस', म्हणजे धुरकट, हे तिचे जातिनाम ठरविले. मात्र या काळातील विद्वानांचे सारे लक्ष बुरशीकडे होते. रोगी कोण आहे आणि त्याच्या शरीरात काय उणे आहे, हा विचार अद्याप उदयास आला नव्हता.

१८९० साली पॅरिसच्या द्यलाफ्वा, शांतमेस व विदाल या तिघा वैद्यांनी कबुतरांना चारा भरवणाऱ्या कामगारांच्या आजाराकडे लक्ष वेधले. हे कामगार धान्य व पाणी आपल्या तोंडात घेऊन ते पक्ष्यांच्या चोचीत सोडीत. दिवसाकाठी असंख्य पक्षी अशा रीतीने भरविले जात आणि धान्यावरची बुरशी कामगारांच्या छातीत उतरे. क्षयासारखी लक्षणे दिसत, पण क्षयाचे जंतू मिळत नसत. केसांचे टोप स्वच्छ करण्याकरिता राईचे पीठ वापरणाऱ्या कारागिरांतही हा आजार आढळला. तेव्हा हा एक धंद्याचा रोग आहे, ज्याच्या पोटात धूळ फार जाईल त्याला तो होईल, असा समज दृढ झाला. तो खोटा नव्हता, परंतु अपुरा होता. कारण त्याच धुळीत काम करणारे अनेक जण ठणठणीत राहत, त्याचे काय?

या प्रश्नाच्या उत्तराची वाट याच सुमारास, परंतु अगदी वेगळ्या दिशेने खुली होत होती. एली मेचनिकॉफ हे १८४५ साली खारकॉव्हजवळ जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ. ओडेसा विद्यापीठातील अध्यापकपदाचा राजीनामा देऊन १८८२ साली ते सिसिली बेटावरील मेसिना येथे कुटुंबासह राहावयास गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांच्या शरीरात काही फिरत्या पेशी त्यांना दिसत. या पेशींचे काम शरीराचे रक्षण हे तर नसेल, असा विचार त्यांच्या मनात चमकला. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून त्या अळ्यांना टोचले. रात्र त्यांनी जागून काढली आणि सकाळी पाहिले तो फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला! पुढे व्हिएन्नाच्या क्लाउस या प्राध्यापकांनी ग्रीक भाषेच्या आधारे या पेशींना 'फॅगोसाइट' हे नाव सुचविले. आपण त्यांना भक्षकपेशी म्हणू.

काट्याची ही कथा अनेक ठिकाणी सांगितली जाते. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते मेचनिकॉफ यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेले संशोधन. काटा हा काही रोग नव्हे. खराखुरा रोग आणि भक्षकपेशी यांची झुंज प्रत्यक्ष पाहावयाची, तर पारदर्शक शरीराचा प्राणी हवा. तो त्यांना डॅफ्निया या तळ्यातील पाणपिसूच्या रूपाने मिळाला. या पिसूला जो रोग होत असे, तो जडविणारी एक बुरशीच होती! तिचे बीजाणू सुईसारखे टोकदार असत. पिसूने ते गिळले की आतड्याची भिंत भेदून ते शरीराच्या पोकळीत शिरत. शिरताक्षणीच रक्तपेशी त्यांना वेढीत, गिळीत आणि विरघळवून टाकीत. बीजाणू थोडे असले आणि पेशी तत्पर असल्या, तर पिसू वाचे. एखादा बीजाणू सुटून त्याला अंकुर फुटला, तर बुरशी झपाट्याने वाढे आणि पिसू मरे. म्हणजे भक्षकपेशी रोगाशी लढतात ही गोष्ट मनुष्याने डोळ्यांनी पाहिली, ती एका बुरशीच्या रोगात. पुढे त्या बुरशीच्या कुळाला मेचनिकॉफ यांचेच नाव मिळाले.

हे मत त्या काळच्या वैद्यांना मानवणारे नव्हते. पुवात सापडणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत, हे त्यांनाही ठाऊक होते. पण या पेशी जंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर पसरवितात, असाच अर्थ ते लावीत. राखणदार म्हणून ज्याला मेचनिकॉफ गौरवीत होते, तो इतरांच्या लेखी चोराला वाट दाखविणारा होता. शिवाय १८९० साली बेहरिंग व कितासातो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषाचा शोध लावला, तेव्हा जर्मन पक्षाचे पारडे जड झाले. रक्षण करतो तो रक्तातील द्रव, पेशी नव्हे, असे ते म्हणत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आश्रय मिळालेले मेचनिकॉफ आणि जर्मन विद्वान यांच्यातील हा वाद जवळपास दोन दशके चालला. शेवटी १९०८ साली नोबेल पारितोषिक दोन्ही पक्षांना विभागून देण्यात आले. ते मेचनिकॉफ व पॉल एर्लिख यांना मिळाले. गंमत अशी की, ज्या एर्लिख यांनी द्रवपक्षाची बाजू मांडली, त्यांनीच आपल्या तरुणपणी १८७९ च्या सुमारास रंग देण्याची युक्ती शोधून पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार प्रथम ओळखले होते. न्यूट्रोफिल हे नाव त्या रंगांवरूनच आलेले आहे.

या वादाचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंत येऊन पोहोचतो. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉफ यांचे शिष्य. गुरूंच्याच खटपटीने पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम मिळाले. १८९३ साली ते पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा त्यांनी तेथे लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी प्लेगच्या दिवसांत ज्या टोचणीविषयी भय आणि कुतूहल अनुभवले, तिचा कर्ता पाणपिसूच्या रक्तपेशी न्याहाळणाऱ्या गुरूचा शिष्य होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

असो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्रवपक्षाचीच सरशी राहिली. लसी, प्रतिविषे आणि पुढे पेनिसिलिन यांच्या दिग्विजयात भक्षकपेशी मागे पडल्या. त्यांचे महत्त्व पुन्हा पटले, ते त्यांच्या अनुपस्थितीमुळे. एखादा कर्मचारी किती उपयोगी होता, हे तो रजेवर गेल्यावरच कचेरीला कळते, तसा हा प्रकार झाला.

१९५३ साली ब्रिटनमध्ये रँकिन यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णाच्या रक्तातील कणयुक्त पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, त्याला प्रतिजैविके देण्यात आली होती आणि अ‍ॅस्परजिलस त्याच्या शरीरभर पसरली होती. कबुतरांना भरविणे किंवा पिठात काम करणे, यांचा येथे संबंध नव्हता. बुरशी तीच, हवा तीच, मात्र रक्तातील राखणदार गैरहजर. पुढील दशकात रक्ताच्या कर्करोगावर जहाल औषधे निघाली. ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशींचीही वाढ थांबवितात, आणि न्यूट्रोफिल पेशी तर मज्जेतून रोजच्या रोज नव्याने याव्या लागतात, कारण रक्तात त्यांचे वास्तव्य काही तासांचेच असते. १९६६ साली अमेरिकेतील बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या आणि संसर्ग यांचे गणितच मांडून दाखविले. संख्या जितकी कमी आणि ती उणीव जितकी दीर्घ, तितका संसर्गाचा धोका अधिक. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी सुमारे दोन ते सात हजार असतात. त्या पाचशेच्या खाली गेल्या की डॉक्टर सावध होतात, आणि शंभराच्या खाली गेल्या की चिंतातुर. १९८४ साली गर्सन व सहकारी यांनी दाखवून दिले की, तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांत ही उणीव तीन आठवड्यांपलीकडे लांबली की फुफ्फुसातील अ‍ॅस्परजिलसचा धोका फार वाढतो.

पेशींची संख्या पुरेशी आहे, म्हणजे सारे आलबेल, असे मात्र नाही. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे बेरेंडेस, ब्रिजेस व गुड यांनी काही मुलग्यांच्या विचित्र आजाराचे वर्णन केले. या मुलांना लहानपणापासून वारंवार गळवे होत आणि फुफ्फुसांत जंतू व बुरशी वाढे. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. कोडे १९६७ च्या सुमारास उलगडले. या पेशी जंतूपर्यंत जात, त्याला गिळीतही, परंतु मारू शकत नसत. भक्षकपेशी शत्रूला गिळल्यानंतर प्राणवायूपासून अत्यंत दाहक द्रव्ये बनविते आणि त्यांनी त्याचा नाश घडविते. ती भट्टी पेटविणारे विकर या मुलांच्या पेशींत जन्मतःच निकामी होते. हजेरीपटावर सारे हजर, पण एकाच्याही हातात हत्यार नाही, अशी ही अवस्था. अशा मुलांच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण अ‍ॅस्परजिलस हेच ठरले. बुरशीचे आणि रक्तपेशींचे नाते यापेक्षा स्पष्टपणे निसर्गाने क्वचितच सांगितले असेल.

१९८२ साली शाफनर, डग्लस व ब्राउड यांनी उंदरांवरील प्रयोगांनी या राखणीची रचना उलगडली. फुफ्फुसाचा पहारा दुहेरी असतो, असे त्यांतून निष्पन्न झाले. वायुकोशांत कायमच्या मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज नामक मोठ्या पेशी हा पहिला पहारा होय. त्या बीजाणूला अंकुर फुटण्याआधीच गिळून मारतात. त्यांच्या तावडीतून सुटलेला बीजाणू काही तासांतच फुगतो, त्याला कोंब येतो आणि त्याचा लांब तंतू होतो. हा तंतू एका पेशीला गिळता येणार नाही इतका मोठा असतो. तेव्हा रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी त्याच्यावर तुटून पडतात व दाहक द्रव्ये ओतून त्याला निकामी करतात. हा दुसरा पहारा. पहिला ढासळतो प्रामुख्याने स्टिरॉइड औषधांनी आणि दुसरा कर्करोगावरील औषधांनी. दोन्ही एकदम ढासळले, तर बुरशीला रान मोकळे.

पुढील संशोधनाने या चित्रात आणखी रंग भरले. मोनोसाइट या रक्तातूनच येणाऱ्या पेशी फुफ्फुसात उतरून स्वतः बीजाणू मारतात आणि न्यूट्रोफिल पेशींना कामास उद्युक्तही करतात, असे गेल्या काही वर्षांतील उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. २००४ साली बर्लिनच्या ब्रिंकमान, झायचलिन्स्की व सहकाऱ्यांनी एक थक्क करणारी गोष्ट दाखविली. मरणारी न्यूट्रोफिल पेशी आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर फेकून जाळे विणते व त्यात जंतूंना अडकविते. २००९ साली याच संदर्भात एक महत्त्वाचा वृत्तांत आला. वर उल्लेखिलेला जन्मजात दोष असलेल्या एका मुलाच्या पेशींत जनुक-उपचाराने भट्टी पुन्हा पेटली, त्या जाळी विणू लागल्या आणि त्याच्या फुफ्फुसातील हट्टी अ‍ॅस्परजिलस हटली.

येथवरची कहाणी राखणदारांच्या गौरवाची झाली. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे, तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०५ सालच्या डिसेंबरात पनामा कालव्याच्या क्षेत्रात सॅम्युअल डार्लिंग नामक वैद्य मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका कामगाराचे शवविच्छेदन करीत होते. क्षय असावा असे वाटत होते, परंतु फुफ्फुसातील व इतर अवयवांतील मोठ्या पेशी असंख्य सूक्ष्म गोलकांनी भरलेल्या निघाल्या. दोनच वर्षांपूर्वी, १९०३ साली, काळा आजाराचा परोपजीवी लीशमन व मद्रासचे डोनोव्हन यांनी उजेडात आणला होता. हिंदुस्थानातील त्या रोगाशी असलेले साम्य पाहून डार्लिंग यांनी याला तशाच जातीचा आदिजीव मानले आणि 'हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम' असे नाव दिले. तो आदिजीव नव्हता आणि त्याला कवचही नव्हते. ती बुरशी आहे, ही शंका १९१२ साली दा रोशा-लिमा यांनी व्यक्त केली आणि १९३४ साली डी मॉनब्रन यांनी ती वाढवून सिद्ध केली. पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीतून ती श्वासावाटे आत जाते. आपल्याकडे तिचा पहिला रुग्ण १९५४ साली कलकत्त्याच्या पांजा व सेन यांनी नोंदविला. ही बुरशी भक्षकपेशीच्या पोटात मरत नाही. उलट तेथेच घर करते, वाढते आणि तिच्याच पाठीवर बसून यकृत, प्लीहा व मज्जेपर्यंत प्रवास करते. मेचनिकॉफ यांचे विरोधक जे म्हणत होते, ते सर्वस्वी निराधार नव्हते. काही चोर राखणदाराचाच घोडा पळवितात.

अशा चोराला जेरबंद करावयाचे तर राखणदाराला वरून हुकूम यावा लागतो. तो देणाऱ्या लिम्फोसाइट या पेशींची किंमत जगाला कळली ती १९८१ साली. त्या वर्षी ५ जून रोजी अमेरिकेच्या साथरोग-वार्तापत्रात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या एका विरळा न्यूमोनियाची बातमी आली. एड्सची ती पहिली छापील नोंद होय. तो न्यूमोनिया करणारा न्यूमोसिस्टिस हा जीव १९०९ साली शागास यांच्या दृष्टीस पडला होता, पण त्यांनी त्याला दुसऱ्याच परोपजीवीची एक अवस्था मानले. तो बुरशीवर्गातील आहे, हे १९८८ साली त्याच्या आरएनएच्या तपासणीने ठरले. एचआयव्ही विषाणू रक्तातील सीडी४ लिम्फोसाइट पेशींचा नाश करतो. त्यांची संख्या घन मिलिमीटरमागे दोनशेच्या खाली गेली की हा न्यूमोनिया डोके वर काढतो. न्यूट्रोफिल शाबूत, मॅक्रोफेज जागच्या जागी, पण हुकूम देणारा अधिकारीच नाही. शिपाई असूनही ठाणे पडते, ते असे.

येथे कोणी म्हणेल की, औषधे आहेत ना? आहेत. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध १९५० च्या दशकात मिळाले. आपल्या पुण्यानजीकच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या जातिनामात पिंपरीचे नाव अमर झाले, ही आपल्याला अभिमानाची बाब आहे. परंतु प्रत्येक अनुभवी डॉक्टर सांगतो की, औषध बुरशीला रोखून धरते आणि अखेरचा निकाल बहुधा रक्तपेशीच लावतात. ज्या रुग्णाची मज्जा पुन्हा कामाला लागते तो तरतो. म्हणूनच मज्जेला पेशी निर्माण करण्यास उद्युक्त करणाऱ्या द्रव्याचा मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आदींनी केलेला अभ्यास आणि १९९१ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मिळालेली मान्यता, यांचे महत्त्व मोठे आहे. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाला चढविण्याचेही प्रयत्न झाले. त्यांचा निर्विवाद लाभ मोठ्या चाचणीत सिद्ध होऊ शकला नाही. उसने राखणदार काही तासांत निघून जातात.

आता २०२१ कडे वळू. कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' या नावाने म्युकरमायकोसिसचे भय गावोगाव पसरले. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा म्हणून घोषित करण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते. बहुतेकांना तो नाक, डोळे व मेंदूच्या वाटेने झाला, काहींना फुफ्फुसात. त्या दिवसांत कोणी प्राणवायूच्या नळीतील पाण्याला दोष दिला, कोणी मुखपट्टीला, तर कोणी परदेशी कारस्थानाला. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेले मांस काळे पडते. ती नवीही नव्हती. शिळ्या भाकरीवर आणि कुजक्या पाल्यावर ती पूर्वापार आहे. नवे होते ते एवढेच की, एकाच वेळी लक्षावधी माणसांच्या राखणदारांचे हात बांधले गेले होते.

हे कसे झाले, ते आता वाचकांच्या लक्षात येईल. रक्तातील साखर बेसुमार वाढली आणि रक्त आम्ल झाले की न्यूट्रोफिल पेशींची धाव व मारकशक्ती मंदावते आणि बुरशीला हवे असलेले लोहही मोकळे होते. त्यातच स्टिरॉइड. १९४८ साली हेंच यांनी सांधेदुखीच्या रुग्णांना प्रथम दिलेले हे औषध म्हणजे वैद्यकाचे एक वरदान आहे. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने सिद्ध केले की, प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात. मात्र त्याच चाचणीत, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना या औषधाचा लाभ दिसला नाही. आपल्याकडे भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या औषधयाद्या पाहून तापाच्या पहिल्याच दिवसापासून घरोघर या गोळ्या घेतल्या गेल्या. स्टिरॉइडने साखर वाढते आणि मॅक्रोफेज दुबळ्या होतात. दगाबाजी अशी की, रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली दिसते, कारण रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून असलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. कागदावर पलटण वाढते आणि रणात कोणी नसते.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या मंडळींना साथ आली की शत्रूचे नाव शोधण्याची सवय असते. परिपत्रकात लिहिण्यास ते सोपे जाते. परंतु मेसिनापासून इथवरचा हा इतिहास वारंवार एकच गोष्ट सांगतो. फुफ्फुसातील बुरशीच्या बहुतेक घातक रोगांत बुरशी ही निमित्तमात्र असते, आणि कारण रक्तात शोधावे लागते. वैद्यकाची प्रत्येक मोठी प्रगती, मग ती कर्करोगावरील औषधे असोत, अवयवरोपण असो वा स्टिरॉइड असो, राखणदारांना काही काळ रजेवर पाठवूनच साधते. ती प्रगती नाकारणे हा वेडेपणा ठरेल. रजेच्या काळात पर्यायी बंदोबस्त करणे, हेच शहाणपण होय. २०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने प्रथमच धोकादायक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. तीतील १९ नावांत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे. काही बुरशी आता औषधांनाही जुमानत नाहीत, त्यामुळे रक्तपेशींवरचा भार वाढणार आहे.

तेव्हा व्यवहारात करावयाचे ते थोडकेच आहे. घरात कोणी मधुमेही असेल, तर साखर आटोक्यात ठेवावी. स्टिरॉइडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज सुरू करू नये आणि सुरू असलेली आपल्या मनाने एकाएकी थांबवूही नये. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या आप्तांना भेटावयास जाताना कुंडीतील रोप नेऊ नये आणि त्यांच्याजवळ जुनी दप्तरे झटकू नयेत. लांबलेला खोकला, ताप व थुंकीतून रक्त दिसले आणि क्षयाचा उपचार लागू पडत नसला, तर बुरशीची तपासणी केली आहे काय, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. निरोगी माणसाने मात्र घाबरण्याचे कारण नाही. आपले मोडी रुमाल त्याने नाकाला फडके बांधून निःशंक मनाने सोडावेत, वाचावेत. त्याच्या रक्तातील राखणदार त्याच्या नकळत आपले काम करीत आहेत.